सुरतमध्ये फ्लॅट घ्यावा की प्लॉट? आणि सगळे तिकडेच पैसे का लावतात?

पारोळ्याची लेक विचारते:

राम राम मंडळी. पारोळा-अमळनेर भागात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याच्याकडे कापसाचे, केळीचे किंवा निवृत्तीचे चार पैसे आले, तो सुरतची जाहिरात दाखवतो. कोणी वेसू म्हणतं, कोणी दिंडोली-गोडादरा, तर कोणी हजिऱ्याकडचे प्लॉट. माझ्या हातात १२-१३ लाख आहेत, बाकी कर्ज. सगळं मिळून ४० लाखांपर्यंत जाता येईल. राहायला जायचं नाही, गुंतवणूक म्हणूनच घ्यायचं आहे. तीन गोष्टी हव्यात. सुरतची मागणी खरी आहे की नुसती हवा? फ्लॅट बरा की प्लॉट? आणि गुजरातची कागदपत्रं आपल्यापेक्षा वेगळी असतात म्हणतात, तर नेमकं काय वेगळं? सविस्तर सांगितलं तरी चालेल.

---

तापीकाठ, भुसावळ:

ताई, मागणी खरी आहे. पण ती समुद्रामुळे नाही, आणि तिथेच बरेच जण फसतात. जाहिरातीत डुमसचा किनारा असतो. घर भाड्याने घेणारा माणूस मात्र कामाच्या मागे येतो. रिंग रोडचे कापड बाजार, पांडेसरा आणि सचिनची जीआयडीसी (आपली एमआयडीसी), वराछा-कतारगामचे हिऱ्यांचे कारखाने, हजिऱ्याचं बंदर आणि तिथले पोलाद, खत, गॅसचे मोठे प्रकल्प, या सगळ्यांना माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ४४.६७ लाख लोक होते. जून २०२० मध्ये सचिन आणि कनकपूर-कनसाड या दोन नगरपालिका आणि २७ गावं शहरात घेतली. म्हणजे लोकवस्ती आधीच बाहेर पसरली होती, हद्द मागून गेली.

उधना, लिंबायत, दिंडोली, नवागाम, गोडादरा, पर्वत पाटिया या पट्ट्यात आपली खान्देशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उधना-जळगाव रेल्वेमार्ग दुहेरी झाला, सुरत-धुळे-जळगाव महामार्ग आहेच. म्हणून हा पट्टा आपल्याला समजतो: भाडेकरू कुठल्या गावचा, कुठल्या कारखान्यात जातो, किती भाडं देऊ शकतो, हे फोनवर कळतं. वेसूचा भाडेकरू आपल्याला कळत नाही. गुंतवणुकीत ही जमेची बाजू लोक धरतच नाहीत.

आता ज्याच्या नावावर भाव चढवतात त्या गोष्टी बघा. मेट्रोचं भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झालं. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे दोन मार्ग, मिळून सुमारे ४० किलोमीटर. खजोदचा हिरे बाजार १७ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. त्याच दिवशी विमानतळाच्या नव्या टर्मिनलचंही उद्घाटन झालं. बुलेट ट्रेनचं स्टेशन अंतरोलीला. यातलं काहीच खोटं नाही. पण हिरे बाजाराची हजारो कार्यालयं उद्घाटनानंतर लगेच भरली नाहीत, व्यापाऱ्यांना मुंबईहून हलवणं सोपं गेलं नाही. आसपास ज्यांनी आधीच चढ्या भावात फ्लॅट घेतले त्यांना भाडेकरू मिळवायला थांबावं लागलं. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा हिरे आणि कापड दोन्हींना एकदम झळ बसली. ज्या शहराचे दोन मोठे धंदे बाहेरच्या अशा एका धक्क्याने हलतात, तिथे भाड्याचा हिशेब मंदीच्या वर्षावर करायचा, तेजीच्या नाही.

हिशेबच मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. फ्लॅट ३८ लाखांचा, तयार होत असलेला. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के म्हणजे १,८६,२००. जीएसटी १ टक्का, ३८,०००. नोंदणी फी स्त्रीच्या नावाने माफ (ते पुढे कोणी सांगेलच). एकूण ४०,२४,२००. भाडं महिना ९,५०० धरलं तर वर्षाचे १,१४,०००. त्यातून मेंटेनन्स १८,०००, वेरा म्हणजे घरपट्टी ५,००० आणि एक महिना घर रिकामं असे ९,५०० वजा केले की हातात ८१,५०० उरतात. म्हणजे जेमतेम २ टक्के.

कर्ज २८ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के धरलं तर हप्ता सुमारे २४,३०० आणि पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज २ लाख ३५ हजारांच्या घरात. भाडं वजा करून दीड लाखाच्या वर तुम्ही खिशातून भरणार. शिवाय स्वतःचे सव्वाबारा लाख मुदत ठेवीत असते तर साडेसहा टक्क्यांनी ८० हजार मिळाले असते. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे २ लाख ३४ हजार. म्हणजे फ्लॅटचा भाव दर वर्षी सहा टक्क्यांहून जास्त वाढला तरच तुम्ही बरोबरीत, आणि विकतानाचा कर व दलाली अजून बाजूलाच आहे. हे गणित एजंट कधीच मांडत नाही. तो दोन भाव सांगतो, पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा.

म्हणून माझं स्पष्ट मत: ४० लाखांत, कर्ज काढून, वेसूच्या बाजूचा नवा फ्लॅट नको. उधना-दिंडोली पट्ट्यात, बी.यू. (तिकडचं भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेला, पाच-सात वर्षं जुना, कर्ज निम्म्यावर आणता येईल असा फ्लॅट बघा.

---

दस्तनोंद, धुळे:

तापीकाठ भाऊंनी बाजार सांगितला, मी कागद सांगतो.

पहिली गोष्ट, शेतजमीन. 'हजिऱ्याकडचे प्लॉट' म्हणून जे विकतात त्यातले बरेच अजून शेतीच्याच सदरात असतात. गुजरातच्या कुळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. 'तुमच्याकडे महाराष्ट्राचा सातबारा आहे ना, मग चालतं' असं सांगणारे भेटतील. त्यांच्या शब्दावर इसार देऊ नका. बाहेरच्या राज्यातल्या खातेदाराबाबत तिकडे न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत, आणि फेरफार नोंद नामंजूर झाली की पैसे अडकतात ते आपले. आपण बिनखेतीच घ्यायची. बिनखेती म्हणजे आपली एन.ए. तिचा कलम ६५ चा हुकूम मागा आणि त्यावरचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, वापर (निवासी, व्यापारी की औद्योगिक) स्वतः वाचा. जमीन जुन्या शर्तीची की नव्या शर्तीची तेही बघा. नव्या शर्तीच्या जमिनीवर सरकारचा प्रीमियम भरल्याशिवाय ती मोकळी होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर ७३ एए हे कलम लागू होतं, तिकडे वळूच नका.

सातबारा, आठ-अ आणि नमुना सहा (आपले फेरफार) 'एनीआरओआर' या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. लिपी गुजराती असली तरी रकाने आपल्यासारखेच. बोजा, वारसनोंद, दावा या तीन नोंदी कुठल्याही गुजराती वाचणाऱ्याकडून शब्दशः वाचून घ्या. दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स-२ चा ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्यायचा. तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.

दुसरी, टी.पी. आपल्याकडे विकास आराखडा असतो, सुरतमध्ये त्यावर नगररचना योजना म्हणजे टी.पी. स्कीम चालते. शेतकऱ्याचा मूळ तुकडा तो ओ.पी., ओरिजिनल प्लॉट, आणि रस्ते, बगीचे, शाळांसाठी जागा कापून परत मिळतो तो एफ.पी., फायनल प्लॉट. कायद्यात कपातीचा हिशेब ढोबळ असा: रस्त्यांना १५ टक्के, उद्यानांना ५, सामाजिक सोयींना ५ आणि प्राधिकरणाने विकण्यासाठी १५. म्हणजे १०० वारातले ४० वार जाऊ शकतात. कोणी ओ.पी.च्या क्षेत्रावर भाव लावत असेल तर तुम्ही रस्त्याचे पैसे भरता आहात. मागायचा कागद 'फॉर्म एफ'. त्यात ओ.पी. नंबर व क्षेत्र, एफ.पी. नंबर व क्षेत्र, आणि भरायची सुधारणा वर्गणी सगळं असतं. सोबत झोन दाखला आणि पार्ट प्लॅन. ड्राफ्ट टी.पी. मंजूर म्हणजे काम संपलं असं नव्हे. पुढचा टप्पा, प्रिलिमिनरी टी.पी., मंजूर होईपर्यंत एफ.पी.ची हद्द आणि जागा बदलू शकते.

तिसरी, अशांत धारा. हा आपल्याकडे नाहीच, म्हणून कोणी विचारत नाही. सुरतच्या काही भागांत १९९१ च्या या कायद्याखाली स्थावर मालमत्ता विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीशिवायचा व्यवहार टिकत नाही. आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर अधिसूचनेत आहे का ते वकिलाकडून लेखी घ्या. बानाखत करण्याआधी, नंतर नाही. (बानाखत म्हणजे आपलं साठेखत.)

चौथी, पैसे. मुद्रांक ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असतील तर नोंदणी फी माफ. दस्तात नवऱ्याचं, भावाचं, मुलाचं नाव जोडलं की माफी गेली. बँक सहकर्जदार म्हणून नवऱ्याला घेते ते वेगळं, त्याने मालकीत यायची गरज नसते. हे बँकेत आधीच बोलून घ्या, कारण काही बँका सहकर्जदाराला सहमालक करा म्हणून अडून बसतात. शुल्क भाव आणि जंत्री यातलं जे जास्त त्यावर. जंत्री म्हणजे आपलं रेडीरेकनर. १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री दुप्पट झाली, त्यामुळे 'दस्त कमी दाखवू, बाकी रोख' हा जुना खेळ आता बसतही नाही, आणि बसला तरी आपण करायचा नाही. स्थावर व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं-देणं आयकर कायद्यात मनाई आहे, दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय कमी दाखवलेली किंमत पुढे विकताना तुमचा नफा फुगवते आणि कर तुम्ही भरता.

जीएसटी: बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. (सुरत जीएसटीच्या महानगर यादीत नाही म्हणून ९०. मुंबईत हीच मर्यादा ६०.) बी.यू. परवानगी मिळाल्यावर विकला तर जीएसटी शून्य. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा. तुमचा व्यवहार त्याखालचा आहे.

बी.यू. म्हणजे बिल्डिंग युज, आपलं भोगवटा प्रमाणपत्र. ते नसलेल्या इमारतीत फ्लॅट घेऊ नये, कितीही स्वस्त असो. जुलै २०२४ मध्ये सचिनजवळ पाली गावात सहा मजली इमारत पडून सात जण गेले. दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती तिला. आणि अग्निशमनाचा ना-हरकत दाखला बघा, तारखेसकट. मे २०१९ मध्ये सरथाण्याला तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ मुलं गेली, ती वरच्या वाढीव बांधकामात चालणाऱ्या क्लासमध्ये. गच्चीवर पत्रे टाकून वाढवलेला मजला दिसला की मागे फिरा.

---

बांधकाम-पाणी, जळगाव:

कागद बरोबर असूनही घर वाईट निघतं, म्हणून हे जोडतो.

किनाऱ्याजवळ काँक्रीटचा शत्रू मीठ. हवेतलं आणि पाण्यातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज चढतो, गंज सळईपेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. आपल्या जळगावच्या कोरड्या हवेत जी चूक वीस वर्षांनी दिसेल ती तिथे फार लवकर दिसते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, यासाठी वर्ग ठरवले आहेत. आतल्या कोरड्या भागाला एम-२० ताकदीचं काँक्रीट, सळईवर २० मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) चालतं. किनारी वातावरणाला उघडा भाग 'सिव्हियर' मध्ये जातो: एम-३०, कव्हर ४५ मिलिमीटर, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला सिमेंट किमान ३२० किलो. डुमस-मगदल्ला बाजूला बिल्डरला एकच विचारा: बाहेरच्या कॉलमला आणि बाल्कनीच्या स्लॅबला कव्हर किती, स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर दाखवा. २५ लिहिलं असेल तर तो आतल्या शहराचं ड्रॉइंग किनाऱ्यावर वापरतोय.

पाणीही बघावं लागतं. किनाऱ्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. खाऱ्या पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमध्ये गंजाचं बी आतच पेरलं जातं, मग वरून कितीही रंग मारा. साइट चालू असेल तर टँकर येतो की बोअर चालते हे उभं राहून बघा. पाणी तपासणीचा अहवाल मागितला तर गैर नाही.

माती काळी, आपल्या कापसाच्या रानासारखीच. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून उथळ पायावरची रो-हाउसं जिन्याच्या आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडकतात. गोडादरा-दिंडोलीची जुनी रो-हाउसं बघताना खिडकीच्या कोपऱ्यातून ४५ अंशात गेलेली, खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारी भेग दिसली तर पाया खचतोय असं समजा. प्लास्टरची बारीक जाळीसारखी भेग वेगळी, तिला घाबरू नका.

जुना फ्लॅट बघताना पार्किंगमधल्या कॉलमचे खालचे दोन फूट, बाल्कनीचा तळ आणि वरच्या टाकीखालचा स्लॅब, एवढं आधी. तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत उभी भेग, टिचकीला पोकळ आवाज, यापैकी काहीही दिसलं तर भाव ठरवण्याआधी अभियंता न्या. तो काँक्रीटच्या ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारतो. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत, रंग आलाच नाही तर सळईचं संरक्षण तिथपर्यंत संपलेलं. रेलिंग साध्या ३०४ स्टीलचं असेल तर किनाऱ्यावर डाग धरतं, ३१६ टिकतं. एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल नैर्ऋत्येच्या वाऱ्याला लवकर जाते. भाडेकरूशी वाद होतो तो बहुतेक याच दोन गोष्टींवरून.

आणि पूर. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आपल्याकडे येते, तेच पाणी उकाई धरणात जातं आणि उकाईतून सुरतला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर, सिंगणपोर, कतारगाम ही नदीकाठची नावं तेव्हाची. पण लिंबायत-पर्वत पाटिया भागात दुसराच पूर येतो, खाडीचा. मिठी खाडी आणि तिच्यासारख्या खाड्या नदीशिवाय नुसत्या जोराच्या पावसाने भरतात, तापीला पूर नसला तरी. जून २०२५ मध्येही तेच झालं. तापीकाठ भाऊंनी सुचवलेला पट्टा भाड्याला चांगला हे मान्य, पण त्यातच खाडीपासूनचं अंतर आणि उंची गल्लीगणिक बदलते. म्हणून तळमजला नकोच. लिफ्टची मोटर, विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप जमिनीपासून किती उंचावर बसवलेत ते बघा. मीटर कमरेएवढ्या उंचीवर असतील तर प्रत्येक खाडीपुरात इमारत अंधारात.

डुमस-हजिरा बाजूला सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) ही तपासा. भरतीरेषेपासून आणि खाडीपासून ठरावीक पट्ट्यात बांधकाम बंद किंवा मर्यादित असतं, आणि भरतीचं पाणी तापीत सिंगणपोरच्या बंधाऱ्यापर्यंत चढतं. 'नदीकिनारी प्लॉट' ऐकलं की आधी सीआरझेड नकाशा. विमानतळाजवळ उंचीचा ना-हरकत दाखलाही लागतो. वेसूकडे उंचीवरून इमारती अडचणीत आल्या आहेत. दाखल्यावरची उंची समुद्रसपाटीपासून असते, जमिनीपासून नाही. या दोन्हीतली गल्लत वरच्या मजल्याच्या गिऱ्हाइकाला भोवते.

---

पारोळ्याची लेक:

तिघांचेही खूप आभार, वहीत उतरवून घेतलं. दोन शंका. एक, शहराबाहेर १०० वाराचा प्लॉट वारावर भाव लावून देतायत. आधी 'नोटरी आणि मुखत्यारपत्र', दस्त टी.पी. झाल्यावर. दोन, नवा फ्लॅट घेतलाच तर सुपर बिल्टअप १,१५० चौरस फूट सांगतात, त्यात खरं घर किती?

---

दस्तनोंद, धुळे:

ताई, पहिल्याला सरळ नाही म्हणा. मुखत्यारपत्र आणि नोटरीने मालकी येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे. मालकी फक्त नोंदणीकृत खरेदीखताने. मुखत्यारपत्र देणारा वारला की बहुतेक वेळा कागद रद्दी, आणि तोच प्लॉट दुसऱ्याला विकला तर दुय्यम निबंधकाकडे तुमची कुठेच नोंद नसते. 'टी.पी. झाल्यावर दस्त' याचा अर्थ आज शंभर वाराचे पैसे, आणि कपातीनंतर साठ वार कुठल्या कोपऱ्यात मिळतील ते कोणीच सांगू शकत नाही. एक वार म्हणजे ९ चौरस फूट, म्हणजे १०० वार हे ९०० फूट. पण कागदावर सगळं चौरस मीटरमध्ये मागा (१०० वार म्हणजे ८३.६). विघ्यात (तिकडचं जमिनीचं माप) कोणी बोललं तर अजूनच सावध, विघा जिल्ह्यागणिक बदलतो.

दुसऱ्याचं उत्तर रेरात, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यात, आहे. गुजरेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की प्रत्येक फ्लॅटचं कार्पेट, मंजूर नकाशे, पूर्ण होण्याची तारीख, प्रकल्पावरचं कर्ज, सगळं दिसतं. भाव १,१५० ला नाही, कार्पेटला भागून काढा. ३८ लाख भागिले १,१५० केले तर ३,३०४ येतात, आणि कार्पेट ६५० निघालं तर खरा दर ५,८४६. दोन इमारतींची तुलना याच आकड्याने करायची. रेरात आणखी दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या: नोंदणीकृत बानाखताआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने बिनपैशाने दुरुस्त करायचा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठ फ्लॅटपर्यंतची योजना रेरातून सुटते. लिंबायत-गोडादऱ्यातल्या लहान इमारती बऱ्याचदा त्यातच बसतात, म्हणून तिथे बी.यू. आणि मंजूर नकाशा दुप्पट काळजीने बघायचा.

---

केळीपट्टा, रावेर:

मला तापीकाठ भाऊंशी थोडं असहमत व्हायचं आहे. दोन टक्के भाडं आणि सहा टक्क्यांची गरज, हा हिशेब मांडल्यावरही 'घ्या' कसं म्हणता येईल? हातातली रक्कम कर्ज न काढता जळगाव किंवा भुसावळमध्ये लहान गाळ्यात लावली तर भाड्याचा टक्का साधारण जास्त बसतो आणि नळ गळला तर तासाभरात पोचता येतं. सुरतचा फ्लॅट म्हणजे दर वेळी रेल्वेचं तिकीट, एक दिवस, आणि तिथला माणूस हाताशी. अकरा महिन्यांचा करार, भाडेकरूची माहिती पोलिसांना, वेरा बिलावर नाव चढवणं, वीजमीटर बदलणं, हे कोण करणार ते खरेदीआधी ठरवा. शहरात बऱ्याच भागात टॉरेंट कंपनीची वीज आहे, बाहेर डीजीव्हीसीएल या सरकारी कंपनीची, दोन्हींचे अर्ज वेगळे.

---

तापीकाठ, भुसावळ:

केळीपट्टा, बरोबर आहे, म्हणूनच कर्ज निम्म्यावर म्हटलं. कर्ज १४ लाखांवर आलं तर पहिल्या वर्षाचं व्याज सव्वा लाखाच्या आत येतं आणि भाडं त्यातला मोठा वाटा उचलतं. म्हणजे ताईंचे १२-१३ लाख धरून २५-२६ लाखांचा जुना फ्लॅट. ४० लाखांपर्यंत जाता येतं म्हणून जायचं नाही. गाळ्याचा टक्का जास्त हे खरं, पण आपल्याकडे गाळा एकदा रिकामा पडला की सहा-सहा महिने पडून राहतो. उधना स्टेशनच्या परिसरातली दोन खोल्यांची जागा इतकी राहत नाही. विकायची वेळ आली तर दोन वर्षांनंतर विका, मग दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर बसतो. त्याआधी विकली तर तो नफा तुमच्या इतर उत्पन्नात धरला जाईल.

ताई, बघायला जाणार असाल तर दिवाळीनंतर जाऊ नका, तेव्हा सगळंच सुंदर दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे जा. तेव्हा भरती मोठी असते आणि खाडीचं पाणी समुद्राकडे उतरत नाही. गल्लीत किती तुंबतं ते डोळ्यांनी दिसेल. पार्किंगच्या भिंतीवर नवा रंग फक्त खालच्या तीन-चार फुटांना असेल तर तो का, ते समोरच्या किराणावाल्याला विचारा. तो बहुतेक आपल्याकडचाच निघेल.